आदेशाआधी कोणाचे ऐकले जाते? महाडच्या मनाई हुकमापासून प्रदूषणाच्या सुनावणीपर्यंत

एखादा कारखाना रसायनाचे पाणी नाल्यात सोडत असेल, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ मालकाला आधी कारणे दाखवा नोटीस काढते. म्हणणे मांडायला त्याला मुदत मिळते, वैयक्तिक सुनावणी मिळते, सोबत वकील आणि सल्लागार नेता येतो. आदेश विरोधात गेला तर अपिलाची वाट मोकळी असते. त्याच नाल्याच्या काठावर राहणाऱ्या माणसाला या सगळ्या काळात एक पत्रही येत नाही. सुनावणी कधी झाली, कोण काय बोलले, कोणत्या अटीवर कारखाना पुन्हा सुरू झाला, हे त्याला कळते ते नाल्याच्या वासावरून.

मालकाला सुनावणी मिळते याबद्दल आपली तक्रार नाही. न ऐकता काढलेला हुकूम काय असतो, हे आपल्याइतके कोणाला माहीत आहे? प्रश्न हा आहे की सुनावणीच्या टेबलावर दोनच खुर्च्या का आहेत. एक मंडळाची आणि एक मालकाची. ज्याच्या श्वासात आणि हंड्यात ते प्रदूषण उतरते, त्याची तिसरी खुर्ची कुठे गेली? याचे उत्तर शोधायला थोडा इतिहास उलगडावा लागेल, आणि तो महाडपासून सुरू करावा लागेल.

पाण्यावरचा दहा वर्षांचा खटला

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. कागदावर हा हक्क आधीच मिळालेला होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला होता. महाड नगरपालिकेनेही ५ जानेवारी १९२४ रोजी तळे खुले केल्याचा ठराव केला होता. पण माणसांनी पाणी पिताच सनातन्यांनी तळे 'बाटले' असे जाहीर केले आणि १०८ घागरींतून शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे मिश्रण तळ्यात सोडून, मंत्र म्हणत ते 'शुद्ध' केले. पाणी पिणारा प्रदूषक ठरला आणि पाण्यात शेण सोडणारा शुद्धिकर्ता ठरला! या देशात प्रदूषणाची व्याख्या कोणी करायची, हा प्रश्न पर्यावरणाच्या कायद्यांपेक्षा जुना आहे तो असा.

४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह होणार हे दिसताच महाडच्या सवर्णांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी दिवाणी दावा लावला आणि अवघ्या दोन दिवसांत, १४ डिसेंबरला, तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. तळे ही सवर्णांची खाजगी मालमत्ता आहे, असा त्यांचा दावा होता. २५ डिसेंबरच्या परिषदेसाठी जमलेल्या लोकांना बाबासाहेबांनी हुकूम मोडायला सांगितले नाही. मनुस्मृती जाळली गेली, तळ्यावरचा सत्याग्रह मात्र पुढे ढकलला गेला.

यानंतरचा भाग आपण भाषणांत कमी सांगतो. बाबासाहेबांनी तो हुकूम कोर्टात लढून उठवला, २३ फेब्रुवारी १९२८ रोजी. मूळ दाव्याचा निकाल ८ जून १९३१ रोजी आपल्या बाजूने लागला. ठाण्यात झालेले अपील ३० जानेवारी १९३३ रोजी फेटाळले गेले. मग प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी शेवटचा निकाल आला. तळे खाजगी असल्याचे आणि अस्पृश्यांना वगळण्याची प्रथा अनादी काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. पाणी पिण्याच्या एका कृतीनंतर दहा वर्षे कागद, साक्षी आणि युक्तिवाद चालले.

या खटल्यातून आजच्या विषयाला लागू पडणारी एक गोष्ट घ्यायची आहे. सनातन्यांनी बाबासाहेबांना प्रतिवादी केले, आणि प्रतिवादी केल्याबरोबर त्यांचे ऐकणे कोर्टाला भाग पडले. हुकूम उठवायचा अर्ज ते करू शकले, समोरच्याचा पुरावा तपासू शकले, अपिलात उत्तर देऊ शकले. नुसता तक्रारदार अर्ज देऊन घरी जातो. पक्षकाराला नोटीस द्यावी लागते, त्याच्या मुद्द्याला उत्तर द्यावे लागते. हा फरक लक्षात ठेवून पुढचे कायदे वाचू.

रतलामची गटारे

प्रदूषणाचे कायदे येण्याआधीही एक सुनावणी अस्तित्वात होती. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि नंतर १९७३ च्या संहितेत कलम १३३ होते. सार्वजनिक उपद्रव दिसला की कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे आपल्याकडे साधारणपणे प्रांत, सशर्त हुकूम काढतो: इतक्या दिवसांत उपद्रव दूर करा, नाहीतर हजर राहून कारण दाखवा. हजर राहिल्यास पुरावा घेऊन निर्णय होतो.

मध्य प्रदेशातल्या रतलाम शहरात लोकांनी याच कलमाचा वापर केला. उघडी गटारे, मैला, डास, आणि त्यात भर म्हणून कारखान्याचे सांडपाणी. दंडाधिकाऱ्याने नगरपालिकेला गटारे बांधायचा हुकूम दिला. नगरपालिका म्हणाली, आमच्याकडे पैसे नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जुलै १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठाने सांगितले की पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. या प्रक्रियेत वस्तीतले लोक शेवटपर्यंत समोर होते, त्यांची नावे खटल्यावर होती. सुनावणीत तिसरी खुर्ची असली की काय घडू शकते, याचा हा दाखला आहे.

नवे कायदे, जुनी रेघ

महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा केला आणि १९७० मध्ये मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जल कायदा १९७४ मध्ये आला, महाराष्ट्राने तो १९८१ मध्ये लागू केला. त्याच वर्षी वायू कायदा आला. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८६ मध्ये पर्यावरण (संरक्षण) कायदा झाला. १९८७ आणि १९८८ च्या दुरुस्त्यांनी मंडळांच्या हातात मोठे हत्यार आले: वायू कायद्याचे कलम ३१अ आणि जल कायद्याचे कलम ३३अ. कारखाना बंद करा, वीज तोडा, पाणी तोडा, असे निर्देश मंडळ थेट देऊ लागले.

अधिकार वाढला की त्याला लगाम हवा. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मधल्या नियम ४ ने तो घातला. निर्देश देण्याआधी प्रस्तावित निर्देशाची नोटीस द्यायची, हरकत घ्यायला किमान १५ दिवस द्यायचे, त्यानंतर ४५ दिवसांत तो निर्देश कायम करायचा, बदलायचा किंवा सोडून द्यायचा. गंभीर हानीची भीती असेल तर हरकतीची संधी न देताही निर्देश देता येतो, पण त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. मंडळांची नोटीस, म्हणणे, सुनावणी ही रीतही याच धाटणीची आहे. रीत चांगलीच आहे. पण ती कोणासाठी आहे ते पाहा. हरकतीची संधी मिळते ती ज्याला निर्देश द्यायचा आहे त्याला.

अपिलातही तेच. जल कायद्याच्या कलम २८ खाली मंडळाच्या संमतीविषयक आदेशावर ३० दिवसांत अपील करता येते. अपिलीय प्राधिकरणाने कोणाचे ऐकायचे? कायदा दोघांची नावे घेतो: अपीलकर्ता आणि राज्य मंडळ. बहुतेक वेळा अपीलकर्ता उद्योजकच असतो. नदीकाठचा माणूस, विहिरीचे पाणी लाल झालेला शेतकरी, नाल्याशेजारची वस्ती यांचा तिथे उल्लेख नाही.

हे कोणी कट करून केले असे मी म्हणत नाही. हुकूम ज्याच्यावर, त्याचे ऐका, हे जुने तत्त्व कायद्याने उचलले. पण प्रदूषणाचा आदेश हा मंडळ आणि मालक यांच्यातला खाजगी व्यवहार नसतो. तो कडक झाला, सैल झाला किंवा मागे घेतला गेला, तर तिसऱ्याच माणसाचे आयुष्य बदलते. हा तिसरा माणूस बहुतेकदा कोण असतो? उताराच्या बाजूला, गावकुसाबाहेर, नाल्याच्या काठावर कोणाला जागा मिळाली, हे समाजशास्त्राच्या पुस्तकात शोधायची गरज नाही. गावाचा नकाशा पाहिला तरी पुरे.

अपिलात बसतो कोण?

१९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळ विरुद्ध नायडू या प्रकरणात अपिलीय यंत्रणेकडेच बोट दाखवले. अनेक राज्यांत अपील ऐकायला फक्त सरकारी अधिकारी बसतात, त्यात न्यायिक आणि तांत्रिक जाणकार नसतात, हे न्यायालयाने नोंदवले. पुढे विधी आयोगाने २००३ च्या १८६ व्या अहवालात पर्यावरण न्यायालयांची शिफारस केली. त्यातून २०१० चा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा आला. पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात बसते, म्हणजे नाशिकपासून एका दिवसाच्या अंतरावर.

या कायद्यात पहिल्यांदा दार जरा रुंद झाले. कलम १६ खाली 'कोणतीही पीडित व्यक्ती' अपील करू शकते आणि कलम १८ मध्ये संघटनांनाही जागा आहे. मुदत ३० दिवसांची, आणि पुरेसे कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत. भरपाई मागायची नसेल तर शुल्क १,००० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही.

पण कागदावरचे दार आणि पायाखालची वाट यांत अंतर असतेच. आदेश निघाला हे वस्तीला कळवण्याची सक्ती कोणावर नाही. माहितीच्या अधिकारात प्रत मागितली तर उत्तराला ३० दिवस, आणि अपिलाची मुदतही ३० दिवस. वर आदेश बहुधा इंग्रजीत. ज्याच्यासाठी दार उघडले, त्याला दाराचा पत्ताच दिला नाही.

कामगाराचे कोणी ऐकले का?

आणखी एक माणूस या टेबलावर नसतो, तो म्हणजे कामगार. १९८७ मध्ये कानपूरच्या जाजमऊ भागातल्या चामड्याच्या कारखान्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने सांडपाण्यावर प्राथमिक प्रक्रिया न करणाऱ्यांना बंद करण्याचा आदेश दिला. बेरोजगारी येईल, महसूल बुडेल, पण जीवन, आरोग्य आणि पर्यावरण अधिक महत्त्वाचे आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. तत्त्व म्हणून ते मान्य. पण चामडे कमावण्याच्या कामात दलित आणि मुस्लिम हातच जास्त आहेत. ८ जुलै १९९६ रोजी दिल्लीतले १६८ घातक उद्योग हलवण्याचा किंवा बंद करण्याचा आदेश झाला, तेव्हा कामगारांच्या पगाराच्या आणि भरपाईच्या अटी न्यायालयाने घातल्या. तरी आमचे म्हणणे आधी ऐकलेच नाही, अशी तक्रार कामगार संघटनांनी केली.

आपल्या सातपूर-अंबडच्या कंत्राटी कामगाराला हे सांगायची गरज नाही. तो ज्या युनिटमध्ये राबतो त्याचे पाणी त्याच्याच घरामागच्या नाल्यात येते. युनिट चालू राहिले तर पोरं आजारी पडतात, बंद झाले तर चूल बंद. मालक सुनावणीत 'इतके कामगार बेकार होतील' असे सांगून त्याच्या नावाने सवलत मागतो. ज्याच्या नावाने मागितली, त्याला बोलावले जात नाही.

नाशिक: नदी कोणाची, नोटीस कोणाला?

नाशिकमध्ये प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे, कारण इथे नदीबद्दल ज्याच्याकडे बोट जाते त्यात खुद्द महापालिकाही आहे. कारखान्याला टाळे लावता येते. महापालिकेला टाळे कसे लावणार? नंदिनी नदी, जिला आपण नासर्डी म्हणत आलो, सातपूर-अंबडच्या बाजूने शहरातून वाहत गोदावरीला मिळते. घरांचे मैलापाणी आणि कारखान्यांचे पाणी यांची जबाबदारी एकमेकांवर ढकलायला हा सोयीचा प्रवाह आहे.

२०१२ मध्ये गोदावरीच्या प्रदूषणाबाबत नाशिकच्या नागरिकांना मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. मग न्यायालयाने नागपूरच्या 'नीरी' संस्थेला उपाय सुचवायला सांगितले, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली देखरेखीची समिती आली. हे त्या नागरिकांचे श्रेय आहे. पण याचा दुसरा अर्थही वाचा. ज्या शहरात मंडळाचे प्रादेशिक कार्यालय आहे, तिथल्या माणसाला आपले म्हणणे नोंदवायला मुंबईचे उच्च न्यायालय गाठावे लागले. ज्यांना ते परवडत नाही त्यांचे काय?

आणि नदीच्या काठावर आपल्या लोकांचा संबंध दोन प्रकारे येतो, हेही विसरू नका. प्रदूषण सोसणारे म्हणून, आणि 'अतिक्रमण' म्हणून. १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फुटपाथवर राहणाऱ्याचेही हटवण्याआधी साधारणपणे ऐकले पाहिजे. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी बुलडोझर प्रकरणात न्यायालयाने बांधकाम पाडण्याआधी १५ दिवसांची नोटीस आणि वैयक्तिक सुनावणी सक्तीची केली. मात्र रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी आणि जलाशय अशा सार्वजनिक जागांवरच्या अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत, असेही म्हटले. म्हणजे नदीत पाणी सोडणाऱ्या कारखान्याला १५ दिवस आहेत, आणि त्याच नदीच्या पात्रालगत झोपडी टाकणारा त्या १५ दिवसांच्या निर्देशाबाहेर आहे. सिंहस्थाच्या तोंडावर नदी स्वच्छतेची चर्चा जोरात असताना नाशिककरांनी हे दोन कायदे शेजारी ठेवून वाचावेत.

'सुनावणी कशाला, टाळेच ठोका!'

आपल्याच काही कार्यकर्त्यांचे म्हणणे असते की सुनावणी म्हणजे वेळकाढूपणा. मालक तारखा घेतो, बँक हमी देतो, सशर्त आदेश मिळवतो आणि पुन्हा पाणी सोडतो. राग खरा आहे. पण उपाय चुकीचा आहे.

एक तर न ऐकता दिलेला आदेश वरच्या कोर्टात टिकत नाही. २०२३ मध्ये सिंगरौली औष्णिक वीज केंद्राच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हरित न्यायाधिकरणाचा आदेश रद्द करून प्रकरण परत पाठवले, कारण समितीच्या अहवालावर बोलायची पुरेशी संधी संबंधितांना दिली नव्हती. 'आमचे ऐकले नाही' हा प्रदूषकाच्या हातातला सर्वात कामाचा मुद्दा आहे. तो आपण त्याला फुकट का द्यावा? त्यात वर्षे जातात, आणि ती सोसतो नाल्याकाठचा माणूस.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. न ऐकता हुकूम काढण्याची सवय एकदा प्रशासनाला लागली की ती कारखान्याच्या फाटकावर थांबत नाही. ती आधी झोपडीवर येते. म्हणून मालकाची खुर्ची काढून घ्या, ही मागणी आपली नाही. तिसरी खुर्ची मांडा, ही आहे.

आता करायचे काय?

ही मागणी रेटायची वेळ आताच आहे. ४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लोधी प्रॉपर्टी प्रकरणात सांगितले की मंडळे कलम ३३अ आणि ३१अ खाली पर्यावरणाच्या हानीची भरपाई वसूल करू शकतात, पण त्यासाठी नैसर्गिक न्यायाची तत्त्वे असलेले नियम आधी व्हायला हवेत. या नियमांत 'ऐकायचे' म्हणजे फक्त मालकाचे, की बाधित वस्तीचे आणि कामगारांचेही? सुनावणीची नोटीस ग्रामपंचायतीत, वॉर्ड कार्यालयात, मराठीत लागली पाहिजे. आदेशाची प्रत मूळ तक्रारदाराला त्याच दिवशी गेली पाहिजे. हे निवेदन प्रत्येक शाखेने द्यावे.

तोवर हातात असलेली साधने वापरा. मंडळाकडे तक्रार करताना 'सुनावणीत आम्हालाही ऐकावे आणि आदेशाची प्रत द्यावी' असे स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. जल कायद्याच्या कलम ४९ खाली ६० दिवसांची नोटीस देऊन नागरिक स्वतः न्यायालयात तक्रार करू शकतो, आणि त्यासाठी मंडळाकडचे संबंधित अहवाल मागू शकतो. सार्वजनिक हिताचे कारण देऊन मंडळ नकार देऊ शकते, तेव्हा तो नकार लेखी घ्या. कलम १३३ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. प्रदूषणाचे कायदे आले म्हणून हा मार्ग बंद झाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच स्पष्ट केले आहे. त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, प्रांत कार्यालय पुरते. कलमांची नावे पाठ करायची गरज नाही, पण तारखांची वही ठेवा. पाण्याचा रंग कधी बदलला, फोटो कधी काढला, अर्ज कधी दिला, पोच क्रमांक काय. सुनावणीत घोषणा चालत नाही, नोंद चालते.

बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी एका दिवशी प्यायले आणि त्या पाण्यावरचा हक्क कोर्टाच्या कागदावर आणायला दहा वर्षे दिली. आपण पहिल्या दिवसाचा उत्सव दरवर्षी करतो. त्या दहा वर्षांची सवयही आता लावून घेऊ या.

जय भीम!